एक जूनची जुळी: बी.एड.च्या एका स्वाध्यायाचं प्रकरण

पार्श्वभूमी

2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि पहिल्या वर्षाला बाल्यावस्था आणि विकास हा विषय आला. आमच्याकडे या विषयाचा एक स्वाध्याय ठरलेला आहे: स्वतःच्या बालपणाची विकासाच्या सिद्धांतांशी सांगड घाला. दहा गुण, आठ-दहा पानं, स्वतःच्या हस्ताक्षरात. सोबत मी एक तक्ता देत असे, मीच आखलेला. रकाने चार: वय, अवस्था, मानसशास्त्रज्ञ, माझा अनुभव. तक्ता भरला की स्वाध्याय झाला, हे मुलांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पहिले तीन रकाने गाईडमधून उतरतात आणि चौथा त्या तिघांकडे बघून भरता येतो.

हे प्रकरण 2017-18 च्या तुकडीतल्या एका विद्यार्थिनीचं आहे. तिला रेखा म्हणू. तिला विचारूनच लिहिते आहे. गाव, कारखाना आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. सालं मात्र बदललेली नाहीत, कारण सगळं प्रकरण सालांवरच उभं आहे.

रेखा बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीचे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, दिवाळी आटोपली की कारखान्याच्या गावी जायचं, रानात कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालायची, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत यायचं. म्हणजे होळी किंवा पाडवा. तिच्या पिढीच्या त्या भागातल्या मुलांची वर्षं अशी दोन तुकड्यांत गेली. ती एम.ए. करून आमच्याकडे आली होती. वर्गात मागच्या बाकावर बसायची, वही मात्र सगळ्यांत नीट.

अडचण

तिचा पहिला मसुदा तक्त्यात चपखल बसणारा होता. व्यक्तिमत्त्वाच्या वाढीच्या पायऱ्या सांगणाऱ्या एरिक्सनची पहिली पायरी, विश्वास विरुद्ध अविश्वास: "आईवडील स्थलांतरित असल्यामुळे मला आईचा सहवास मिळाला नाही, त्यामुळे माझ्यात अविश्वास निर्माण झाला." शाळेच्या वयातली पायरी, उद्योगशीलता विरुद्ध न्यूनत्व: "मी पहिलीपासून गणितात मंद होते, त्यामुळे न्यूनगंड आला." मुलाचा विचार कसा वाढतो ते सांगणारा पियाजे: "मूर्त क्रियात्मक अवस्था माझ्यात उशिरा आली," म्हणजे समोरच्या वस्तूंबद्दल तर्काने विचार करता येण्याची अवस्था. पाचवीबद्दल: "शाळा बुडाल्यामुळे बौद्धिक विकास खुंटला."

मी आठ गुण दिले आणि लाल शाईने "छान सांगड" असं लिहिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी फार शहाणी दिसण्याची शक्यता आहे.

तोंडी परीक्षेत दोन मिनिटं उरली होती, म्हणून सहज विचारलं, "न्यूनगंड आला असं लिहिलंयस. खरंच वाटतं तसं?"

"पुस्तकात तसंच येतं ना मॅडम."

"पुस्तकाचं सोड. गणित जमत नव्हतं हे कशावरून?"

"दादा आणि मी एकाच वर्गात होतो. त्याला जमायचं."

"दादा किती मोठा?"

ती हसली. "कागदावर आम्ही जुळे आहोत."

एक जून ही काय भानगड आहे ते मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, तरी दोन ओळी. जन्माची नोंद नसलेलं मूल शाळेत आणलं की गुरुजी अंदाजाने साल धरत आणि तारीख एक जून टाकत, म्हणजे शाळा सुरू होताना वय बरोबर पुरं भरतं. महाराष्ट्रात माणसांच्या अख्ख्या पिढ्या एक जूनला जन्मल्या आहेत. जून 1999 मध्ये रेखाच्या आजीने दोन्ही नातवंडांना एकाच दिवशी शाळेत नेलं. रजिस्टरमध्ये दोन सलग क्रमांक, दोन्हींपुढे एकच तारीख: 1-6-1993.

विकासाचे बहुतेक टप्पे वयाला बांधलेले असतात. पियाजेची पूर्वक्रियात्मक अवस्था साधारण दोन ते सात, मूर्त क्रियात्मक सात ते अकरा. एरिक्सनच्या आठ पायऱ्याही वयाच्या हिशेबाने चढतात. रेखाच्या तक्त्यातला पहिला रकानाच गुरुजींनी भरलेला होता. पुढच्या तीन रकान्यांतला प्रत्येक निष्कर्ष त्याच्यावर टेकलेला.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपं म्हणजे काहीच न करणं. गुण दिलेले होते, नमुन्याप्रमाणे काम झालं होतं. माझ्या एका सहकाऱ्यांचं मत होतं की तिला स्वतःचं बालपण सोडून शेजारच्या एखाद्या मुलाचं निरीक्षण करायला द्यावं. ते अगदी चूक नव्हतं. स्वतःच्या जखमा उकरायला लावणारा स्वाध्याय गुणांसाठी सक्तीचा असावा का, हा त्यांचा प्रश्न आजही माझ्याकडे पडून आहे.

तिसरा विचार असा की सिद्धांत बाजूला ठेवून तिने नुसत्या आठवणी लिहाव्यात. मला तो मोहक वाटला आणि म्हणूनच नको वाटला. ऊसतोडीच्या आठवणी वाचून आमच्यासारख्यांचे डोळे भरून येतात, वही मिटते, आणि रेखा गणितात मंद होती हे तिचं स्वतःबद्दलचं मत होतं तिथेच राहतं.

शेवटी मी तिच्यापुढे चौथा मार्ग ठेवला. तक्ता टाकून द्यायचा. आधी आपल्याला काय माहीत आहे आणि ते कोणी सांगितलं ते लिहायचं. सिद्धांत त्यानंतर काढायचा, आणि पटला नाही तर तसं लिहायचं. गुण कमी होणार नाहीत, एवढं वचन दिलं. नाही म्हणायची मुभा होती. तिने दोन दिवस घेतले आणि हो म्हणाली. मुभा खरोखर किती होती, याची मला खात्री नाही. गुण माझ्या हातात होते.

काय केलं: वय शोधणं

इथे माझी पहिली घाई झाली. "आईला फोन लाव," असं म्हणून मी माझ्यासमोरच लावायला सांगितला. स्पीकर सुरू. आईला वाटलं कॉलेजात कागद अडकला. "तारीख बदलायची न्हाई हां बाई," त्या थेट मलाच म्हणाल्या, "नोकरीला कागुद लागतो." त्यांचं बरोबर होतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जी तारीख, तीच आयुष्यभराची. भरतीची वयोमर्यादा त्याच तारखेवरून, निवृत्तीही त्याच तारखेवरून. फोन दोन मिनिटांत आटपला.

पंधरा दिवसांनी रेखा घरी जाऊन आली. चुलीपुढे बसून तिने आईला जन्मतारीख विचारलीच नाही. काय काय झालं होतं तेव्हा, असं विचारत गेली. आईकडे दोन खुणा होत्या. "भूकंप झाला तवा तुझा दादा पाळण्यात व्हता. तू न्हवतीस." किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, गणपती विसर्जनाची रात्र उलटल्यावर पहाटे झालेला. मराठवाड्यात ही तारीख कोणी विसरत नाही. दुसरी खूण: "पलेगाच्या साली तू पोटात. लोक म्हनायचे कारखान्याला जाऊ नका, आन् आमी गेलो." 1994 च्या ऑगस्टमध्ये प्लेगची बातमी बीड जिल्ह्यातल्याच मामला गावातून आली होती, सुरत त्यानंतर. त्या दिवाळीनंतर ते कारखान्यावर गेले आणि रेखा कोपीत जन्मली, संक्रांतीच्या आगेमागे. म्हणजे जानेवारी 1995.

आम्ही दोघींनी वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. पहिलीत बसली तेव्हा ती साडेचार वर्षांचीही नव्हती. शेजारी बसलेला दादा सहा वर्षांचा. दुसरीत हातच्याची वजाबाकी आली तेव्हा हिचं वय साडेपाच, रजिस्टरप्रमाणे सात. पेल्यातलं पाणी उंच भांड्यात ओतलं की वाढलं असं वाटायचं ते वय. एक दशक सोडवून त्याचे दहा एकक होतात आणि तरी संख्या तेवढीच राहते, हे तिला पटत नव्हतं, यात नवल काय?

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मी उशिरा नव्हते. लवकर बसवलं होतं."

मला तेव्हा फार आनंद झाला आणि त्या आनंदाच्या भरात मी ते विधान जसंच्या तसं मसुद्यात जाऊ दिलं. वास्तविक एवढ्यावरून तेवढं सिद्ध होत नाही. साडेपाचव्या वर्षी वजाबाकी जमणारी मुलंही असतात, आणि पियाजेच्या वयमर्यादा म्हणजे सरासरी, कुंपण नव्हे. शिकवणं कसं होतं तेही आपल्याला माहीत नाही. आधी गाईडने तिला एक "त्यामुळे" दिला होता. आता मी दुसरा देत होते, फक्त अधिक सुखाचा. पुढच्या मसुद्यात तिने स्वतःच तिथे "बहुधा" घातलं.

काय केलं: बाकीच्या पायऱ्या

वय सुटल्यावर बाकीचा तक्ता भराभर कोसळला. आईच्या सहवासाचंच घ्या. एरिक्सनची अविश्वासाची पायरी पहिल्या वर्षा-दीड वर्षाची. त्या काळात रेखा कुठे होती? फडाच्या बांधावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत. आई पाचट काढता काढता येऊन पाजून जायची. ताटातूट झाली ती चार वर्षांनंतर, शाळेसाठी आजीकडे ठेवल्यावर. पुस्तकातलं कारण तिने पुस्तकाच्याच वयाला न जुळवता चिकटवलं होतं. आणि आजीकडची वर्षं म्हणजे वंचिततेची वर्षं असंही तिच्या बोलण्यात कुठे येत नव्हतं; आजीच्या लुगड्याच्या वासापासून गोधडीतल्या जागेपर्यंत सगळं ती आवडीने सांगे. बोल्बी यांचा अटॅचमेंटचा, म्हणजे बाळाच्या जिव्हाळ्याच्या बंधाचा, सिद्धांत आमच्याकडे "आईपासून दूर म्हणजे नुकसान" इतका आखडून शिकवला जातो. त्यांच्याच सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी 1954-55 मध्ये युगांडातल्या खेड्यांत पाहिलेली बाळं आईखेरीज घरातल्या इतर माणसांनाही घट्ट बिलगलेली होती. हे मी वर्गात सांगते. परीक्षेत विचारत नाही.

पाचवीचं प्रकरण मला सर्वांत श्रीमंत वाटलं. आजी वारली, म्हणून 2003-04 चा हंगाम रेखा आईवडिलांबरोबर गेली. तक्त्यात या जागी "विकास खुंटला" होतं. प्रत्यक्षात ती काय करत होती? वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून संध्याकाळी गावात गाईम्हशीवाल्यांना विकत होती. सुट्टे परत देत होती. आणि वडिलांना वाचता येत नसल्यामुळे कारखान्याच्या काट्यावरून मिळणारी प्रत्येक खेपेची वजनाची पावती जुन्या वहीत उतरवून घेत होती. टन, मग टिंब, मग तीन आकडे. टिंबाच्या पुढचं काय करायचं ते शेजारच्या कोपीतल्या आठवीपर्यंत शिकलेल्या मुलाने दाखवलं. कसं दाखवलं, तर दोन पावत्या एकाखाली एक धरून, टिंबाखाली टिंब. व्हायगॉट्स्की ज्याला निकट विकासाचं क्षेत्र म्हणतो, म्हणजे मुलाला एकट्याने न जमणारं पण जाणत्या सोबत्याच्या हाताने जमणारं, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही. होळीनंतर ती शाळेत परतली तेव्हा दशांश अपूर्णांकांचा धडा होऊन गेला होता आणि चाचणीत तिला त्यावर शून्य मिळालं. तीच मुलगी, तीच बेरीज.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांवरचा 1985 चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. विक्री करताना त्यांची सुमारे 98 टक्के उत्तरं बरोबर आली, आणि तीच गणितं नुसत्या आकड्यांत कागदावर मांडल्यावर सुमारे 37 टक्के. मी हा अभ्यास दरवर्षी शिकवत आले. त्यात काट्याची पावती दिसायला मला रेखाची वही लागली.

त्या वहीची पुढची गोष्ट तिने एका वाक्यात लिहिली आहे. पट्टा पडताना मुकादमाच्या आणि तिच्या बेरजेत फरक आला. वडील म्हणाले, गप बस, पुढच्या साली उचल घ्यायचीय. याला कोलबर्गच्या नैतिक विकासाची कोणती पातळी लावायची, असं तिने विचारलं. मी म्हटलं, वडिलांना पातळी लावू नकोस. ब्रॉनफेनब्रेनर बरा. मुलाभोवतीची वर्तुळं तो सांगतो, आणि त्यात मूल कधी पाऊलही न टाकणाऱ्या जागा असतात ज्या त्याचं आयुष्य ठरवतात. कारखान्याचं गाळप कधी सुरू होणार हे जिथे ठरतं, ती खोली रेखाने कधी पाहिली नाही. तिचं शाळेचं वर्ष किती महिन्यांचं, ते तिथे ठरत होतं.

भोंगा कोणाचा?

सर्वांत अवघड निर्णय एका आठवणीचा होता. मसुद्याची सुरुवातच तिने त्या आठवणीने केली होती. रात्र, कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची रांग, बैलांचे पाय, ती हरवलेली, आणि मग भोंगा होतो, आणि भोंग्याच्या दिशेने धावत आलेली आई. वय दोन. वाचताना अंगावर काटा आला होता.

आईने ऐकलं आणि म्हणाली, "तो तुझा दादा. तू तवा झोळीत व्हतीस."

रेखा रडली. मला वाटलं होतं ती चिडेल. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला सहसा आठवत नाही, हे मी तिला सांगू शकले असते, पण त्या क्षणी ते फार कोरडं झालं असतं. मी तिला पियाजेची गोष्ट सांगितली. लहानपणी बाबागाडीतून पॅरिसमध्ये फिरताना आपल्याला पळवायचा प्रयत्न झाला, दाईने झुंज दिली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, हे पियाजेला स्वच्छ दिसत असे. तो पंधरा वर्षांचा असताना दाईने कळवलं की सगळं तिनेच रचलं होतं. मुलांच्या मनाचा एवढा मोठा अभ्यासक, आणि त्याची ठळक आठवण ऐकीव निघाली.

मग प्रश्न उरला, आठवण ठेवायची की काढायची? मी काढ म्हटलं. ती नको म्हणाली. तिने तो परिच्छेद ठेवला आणि वर मथळा दिला: "मला आठवतं, पण ते माझं नाही". खाली लिहिलं की घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की तिने त्यात स्वतःला ठेवून घेतलं. आई धावत येते, हा भाग तिला हवा होता. स्वाध्यायातला सर्वांत चांगला परिच्छेद तोच, आणि तो माझ्या सल्ल्याविरुद्ध लिहिलेला आहे.

निष्पत्ती

दुसऱ्या मसुद्यात वयाचे दोन रकाने होते: "नोंदीतलं वय" आणि "आईचं वय". आईच्या भीतीचा मान ठेवून जन्माचं साल कुठेच लिहिलं नाही. स्वाध्याय महाविद्यालयाच्या दप्तरात राहतो, आणि कोण कधी काय काढेल सांगता येत नाही. इथे ते आलं आहे, कारण इथे ती रेखा आहे.

गुण आठच राहिले. अंतर्गत तपासणीत एका सहकाऱ्यांनी शेरा दिला की सैद्धांतिक भाग अपुरा आहे, आत्मकथनाकडे झुकतो. नऊ करून घेण्यासाठी मी भांडले नाही. रेखाला त्याचं फारसं काही वाटलं नाही, किंवा तिने दाखवलं नाही.

चर्चासत्रात तिने फक्त भोंग्याचा भाग वाचला. नंतर मी वर्गात विचारलं, एक जूनवाले किती? नऊ हात वर झाले. दोघांनी त्याच आठवड्यात तक्ता परत मागून घेतला. बाकीच्यांनी नाही, आणि ते ठीक आहे.

पुढच्या वर्षी शालेय अनुभवात, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावात, रेखाला पाचवीचा वर्ग मिळाला. पाठ निरीक्षणाला मी गेले तेव्हा फळ्यावर दशांशाची बेरीज होती. टिंबाखाली टिंब. मुलांच्या हातात किराणा दुकानाच्या पावत्या होत्या. एक मुलगा चुकत होता. तिने त्याला त्याचं वय विचारलं नाही, पण त्याच्या शेजारी बसवलेली मुलगी बदलली.

पुन्हा वेळ आली तर

तो फोन मी करायला लावणार नाही. बाईंसमोर, स्पीकरवर, मुलीच्या जन्माबद्दल विचारणं म्हणजे चौकशी. चुलीपुढे विचारणं म्हणजे गप्पा. माहिती तीच, पण एका ठिकाणी मिळते.

स्वतःचं बालपण की दुसऱ्या मुलाचं निरीक्षण, हा पर्याय आता मी सगळ्यांना पहिल्याच दिवशी देते. रेखाला तो तोंडी परीक्षेनंतर मिळाला, म्हणजे तिने अर्धं सांगून झाल्यावर. तक्ता अजून आहे, कारण विद्यापीठाला काहीतरी नमुना लागतो. पहिल्या रकान्याचं शीर्षक मात्र "वय, आणि ते कोणी सांगितलं" असं केलं आहे.

आणि दादा. एवढ्या सगळ्या खटाटोपात आम्ही त्याच्याकडे मोजपट्टी म्हणूनच पाहिलं. दीड वर्षाने लहान बहीण शेजारी बसवून घेऊन, जुळा म्हणून वर्ग काढताना त्याचं काय झालं? पाचवीच्या त्या हंगामात तो गावी चुलत्याकडे राहिला. सातवीनंतर त्याने शाळा सोडली, ती शिकली. तिच्या आठवणीत तो नेहमी हुशार. रेखाला मी एकदा विचारलं, त्याच्याशी बोललीस का? म्हणाली, तो हंगामात असतो, ट्रॅक्टरवर, कारखान्याला ऊस ओढतो. रात्रीचा फोन लागत नाही. त्याचीही जन्मतारीख एक जूनच आहे, आणि त्याच्या बाबतीत ती जवळजवळ खरी आहे.